पीळ आणि पुरावा : पत्त्यांवर विणलेल्या पट्ट्यांचा इतिहास आणि प्रतिकृतीची मर्यादा

प्रस्तावना

नॉर्वेतील ओसेबर्ग येथील दफन-टेकाडाचे उत्खनन १९०४ मध्ये गॅब्रिएल गुस्ताफसन यांच्या नेतृत्वाखाली झाले. टेकाडाखाली एक संपूर्ण जहाज होते आणि त्यावरील दालनात दोन स्त्रियांचे अवशेष होते. दालनाच्या लाकडातील वर्षवलयांच्या आधारे हे दफन इ.स. ८३४ मधील असल्याचे पुढे निश्चित झाले. कोरीव लाकडी गाडी, घसरगाड्या, पलंग, स्वयंपाकाची भांडी यांच्यासोबत वस्त्रांचे असंख्य तुकडे आणि विणकामाची साधनेही मिळाली. त्यांतच बावन्न लहान चौकोनी पत्ते होते. पत्त्यांच्या छिद्रांतून धागे ओवलेले होते आणि एक पट्टी अर्धवट विणून राहिलेली होती.

या उत्खननाचा अधिकृत अहवाल खंडशः प्रसिद्ध झाला. पहिला खंड १९१७ मध्ये, तिसरा १९२० मध्ये, पाचवा १९२७ मध्ये आणि दुसरा १९२८ मध्ये आला. चौथा क्रमांक वस्त्रांसाठी राखून ठेवलेला होता. आर्ने एमिल क्रिस्टेन्सेन आणि मार्गारेटा नॉकर्ट यांच्या नावे तो प्रसिद्ध होण्यास २००६ साल उजाडले. जहाज आणि कोरीवकाम यांचा अहवाल चोवीस वर्षांत पूर्ण झाला. वस्त्रांच्या अहवालास एकशे दोन वर्षे लागली. वस्त्रांचे तुकडे मातीत दबून एकमेकांना चिकटलेले होते, त्यांचे थर सुटे करणे अवघड होते, हे खरे. परंतु एवढ्या दीर्घ विलंबाचे हे एकच कारण मानणे कठीण आहे. लाकूड व धातू हा इतिहासाचा पुरावा आणि वस्त्र ही त्याची सजावट, अशी एक अलिखित प्रतवारी पुरातत्त्वात दीर्घकाळ होती, आणि अरुंद विणलेल्या पट्ट्या तर त्या सजावटीचीही किनार मानल्या गेल्या.

अशी पट्टी इतिहासाला काय सांगू शकते, ते कसे वाचता येते आणि त्या वाचनाची मर्यादा कोठे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. जुन्या पट्ट्यांवरून नव्याने पट्ट्या विणण्याची प्रथा विसाव्या शतकात युरोपात बरीच रुजली. तिला हौस म्हणून बाजूला सारणे जितके चूक, तितकेच प्रतिकृती विणून झाली म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला असे समजणेही चूक आहे. या दुसऱ्या चुकीचा एक ठळक इतिहास उपलब्ध असून लेखाचा मोठा भाग त्यासाठीच दिला आहे.

तंत्राचे स्वरूप

हे विणकाम मागाशिवाय चालते. लाकूड, हाड, शिंग, चामडे किंवा जाड कागद यांचा तळहातात मावेल एवढा चौकोनी तुकडा घेऊन त्याच्या चार कोपऱ्यांना चार छिद्रे पाडतात. आइसलँडिक व जर्मन भाषांत त्याला ‘लहान फळी’ या अर्थाचे शब्द आहेत. मराठीत रूढ संज्ञा नसल्याने येथे ‘पत्ता’ हा शब्द योजला आहे. खेळातील पत्त्यांच्या जोडाप्रमाणे हे तुकडे एकमेकांना लागून उभे धरले जातात, त्यामुळे तो अगदीच अनाठायी ठरू नये. ओसेबर्गच्या पत्त्यांची बावन्न ही संख्या मात्र निव्वळ योगायोग समजावी.

प्रत्येक छिद्रातून ताण्याचा एक धागा ओवतात. ताण्याची दोन्ही टोके ताणून बांधली की प्रत्येक पत्त्याचे दोन धागे वर आणि दोन खाली राहतात व मध्ये फट पडते. त्या फटीतून बाण्याचा धागा घालायचा आणि सर्व पत्ते एकत्र पाव फेरा फिरवायचे. खालच्यांपैकी एक धागा वर येतो, वरच्यांपैकी एक खाली जातो, नवी फट तयार होते व बाणा पुन्हा परततो. असे चार पाव फेरे झाले म्हणजे एका पत्त्यातील चार धागे एकमेकांभोवती एकदा पूर्ण पिळले जातात. याचा अर्थ पत्ते फिरवणारी व्यक्ती कापड विणते आणि त्याच वेळी दोरीही वळते. प्रत्येक पत्त्यामागे एक चारपदरी दोरी तयार होते व बाणा या दोऱ्यांना शेजारी शेजारी बांधून ठेवतो. मागावरील कापडात वहीने उचललेले धागे वर-खाली होतात, परंतु एकमेकांभोवती फिरत नाहीत. हा भेद पुढील सर्व चर्चेचा पाया आहे.

पत्ते एकाच दिशेने फिरत राहिले तर न विणलेल्या ताण्यातही उलट पीळ साठत जातो आणि काही काळाने काम अडते. मग फिरवण्याची दिशा उलटावी लागते. दिशा उलटली की पट्टीतील पीळही उलटतो आणि त्या जागी पृष्ठभागावर एक खूण राहते. छिद्रांत कोणत्या रंगाचे धागे आहेत, धागा पत्त्यात डावीकडून ओवला आहे की उजवीकडून, आणि सर्व पत्ते एकत्र फिरवले की काही पुढे व काही मागे, यांवर नक्षी ठरते. अधिक संपन्न पट्ट्यांत सोन्या-चांदीच्या तारेचा जादा बाणा वरून खेळवलेला असे.

मराठी वाचकाला ‘काठ’ म्हटले की साडीच्या अंगासोबत एकाच मागावर विणला जाणारा काठ आठवतो. उत्तर व मध्य युरोपात वजनांनी ताणलेल्या उभ्या मागावर याच्या उलट क्रम आढळतो. तेथे अनेकदा पत्त्यांवर आधी काठ विणत, तो विणताना बाण्याचे धागे एका बाजूला लांब ओढून ठेवत आणि नंतर तेच धागे मुख्य कापडाचा ताणा होत. काठ हा कापडाचा शेवट नसून त्याचा आरंभ होता. अशा वस्त्रांच्या बाबतीत काठाला दुय्यम मानणारा अभ्यासक वस्त्राच्या पहिल्या पायरीलाच मुकतो.

पट्टीचे वाचन

पुराभिलेखाचा अभ्यासक अक्षरांची वळणे पाहतो, तसे वस्त्रांचा अभ्यासक पिळाची दिशा पाहतो. दोऱ्या मोजल्या की पत्ते किती होते ते कळते. पीळ कोठे उलटला यावरून काम किती अंतराने परतवले हे कळते. एखादा पत्ता चुकून उलट फिरला असेल तर त्या एकाच दोरीचा कल शेजारच्यांपेक्षा वेगळा दिसतो, आणि चूक पुढे किती फेऱ्यांनी लक्षात आली हेही मोजता येते. लिखित साधनांत विणकराच्या कामाची इतकी बारीक नोंद क्वचितच सापडेल.

ऑस्ट्रियातील हॉलश्टाट येथील प्राचीन मिठाच्या खाणीत लोहयुगीन पट्ट्यांचे तुकडे मिळाले आहेत. मिठामुळे त्यांचे रंगही बऱ्याच अंशी टिकले. कारिना ग्रोमर यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. याहून भव्य उदाहरण जर्मनीतील होखडोर्फ येथील आहे. इ.स.पू. सुमारे ५३० मधील ही सरदाराची कबर १९७८-७९ मध्ये उत्खनित झाली. तेथील वस्त्रांवरील योहाना बांक-बुर्गेस यांचा ग्रंथ १९९९ मध्ये आला. त्या वस्त्रांच्या पत्त्यांवर विणलेल्या काठांत स्वस्तिकाचे आकार आहेत. भारतीय वाचकाला येथे लगेच सांस्कृतिक संपर्काची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे, परंतु ती आवरलेली बरी. काटकोनात वळणाऱ्या रेषा चौकडीच्या विणीत सहज बसतात, आणि असे आकार परस्परसंबंधाशिवाय अनेक ठिकाणी उद्भवू शकतात. त्या आकाराचा तेथील लोकांच्या लेखी काय अर्थ होता, हे केवळ विणीवरून ठरवता येत नाही.

स्वीडनमधील बिर्का येथे याल्मार स्टोल्पे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सुमारे अकराशे कबरींचे उत्खनन केले. तेथील वस्त्रांवरील आग्नेस गाइजर यांचा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हायकिंगकालीन वस्त्रांच्या अभ्यासात तो आजही आधारभूत मानला जातो. बिर्काच्या पट्ट्या रेशमाच्या असून त्यांवर चांदी-सोन्याच्या तारेची नक्षी आहे. रेशीम अर्थातच पूर्वेकडून आलेले होते. ताग-जवसासारखे वनस्पतिजन्य धागे अशा जमिनीत विरून जातात. रेशीम टिकते, आणि धातूच्या सान्निध्यात आणखी टिकते. त्यामुळे आज ज्या पट्ट्या दिसतात त्या प्रामुख्याने श्रीमंतांच्या आहेत. सामान्य घरातील लोकरीच्या वा जवसाच्या पट्ट्या किती असतील, याचा अंदाज टिकलेल्या संख्येवरून बांधणे धोक्याचे ठरते.

रामसेसचा कमरपट्टा

लिव्हरपूल येथील संग्रहालयात ईजिप्तचा एक जवसाच्या धाग्याचा कमरपट्टा आहे. त्याची लांबी सुमारे ५.२ मीटर आहे. रुंदी एका टोकास सुमारे १२.७ सेंटिमीटर असून दुसऱ्या टोकाकडे ती ४.८ सेंटिमीटरपर्यंत निमुळती होत जाते. त्यावर नागमोडी रेषा, ठिपके आणि ‘अंख’ या चिन्हाच्या रांगा निळ्या, तांबड्या, पिवळ्या व हिरव्या रंगांत विणलेल्या आहेत. तो तिसऱ्या रामसेसच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. बाराव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. एवढ्या जुन्या काळातील इतकी गुंतागुंतीची वीण क्वचितच पाहावयास मिळते.

या पट्ट्याभोवती उभा राहिलेला वाद समजण्यासाठी त्याआधीची काही वर्षे पाहावी लागतात. आइसलँडिक साहित्याच्या जर्मन अभ्यासक मार्गारेटे लेमान-फिल्हेस यांनी १९०१ मध्ये पत्त्यांवरील विणकामावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपातील विद्वानांना या विस्मृतीत गेलेल्या तंत्राची नव्याने ओळख त्यातून झाली. नवे साधन हाती आले की ते सर्वत्र दिसू लागते, हा विद्याक्षेत्रातील नेहमीचा अनुभव आहे. १९१६ मध्ये आर्नोल्ड व्हान जेनेप आणि गुस्ताव्ह झेकिए यांनी प्राचीन ईजिप्तमध्ये हे तंत्र प्रचलित होते असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. संक्रमणविधींवरील १९०९ च्या ग्रंथामुळे समाजशास्त्राच्या अध्यापकांना परिचित असलेले ते हेच व्हान जेनेप होत. ईजिप्तमधील चित्रित नक्षीतही या दोघांना पत्त्यांच्या विणकामाचे प्रतिबिंब दिसले. रामसेसचा कमरपट्टा हा त्यांच्या मांडणीचा मुकुटमणी होता. अशी वीण पत्त्यांवर साधते. म्हणून ती पत्त्यांवर केलेली असली पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश सांगता येईल.

१९२३ मध्ये ग्रेस क्रोफूट आणि हेन्री लिंग रॉथ यांनी, प्राचीन ईजिप्तच्या लोकांना हे तंत्र ज्ञात होते काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारून त्याचे नकारार्थी उत्तर दिले. लिंग रॉथ हे प्राचीन मागांचे अभ्यासक होते. ग्रेस क्रोफूट यांचे वैशिष्ट्य निराळे होते. सुदानमध्ये वास्तव्य असताना त्या तेथील स्त्रियांकडून सूत काढण्यास व विणण्यास शिकल्या होत्या. (रसायनशास्त्राच्या १९६४ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी डोरोथी हॉजकिन या त्यांच्या कन्या.) ज्यांच्या हाताला धाग्याची सवय आहे अशा अभ्यासकाला पहिला प्रश्न सुचतो तो पिळाचा. कमरपट्ट्याच्या धाग्यांत पत्त्यांच्या नेहमीच्या फेऱ्यातून येणारा परस्पर पीळ नाही. ती वीण पुरेशा वह्या असलेल्या मागावर होऊ शकते. शिवाय फेरोकालीन ईजिप्तमधून ज्यांना निर्विवादपणे विणकामाचे पत्ते म्हणता येईल अशा वस्तू पुढे आलेल्या नाहीत.

एवढ्यावर वाद संपला असे झाले नाही, आणि त्याचे कारण तंत्रातच आहे. पत्ते सलग न फिरवता पुढे-मागे झुलवत ठेवले तर पीळ साठत नाही. या मार्गाने कुशल विणकर पत्त्यांवरही बिनपिळाची वीण काढू शकतो, आणि पुढे काहींनी या पट्ट्याचे नमुने पत्त्यांवर विणून दाखविलेही. परंतु या प्रयोगांतून नेमके काय सिद्ध होते? पत्ते असे वापरले तर ते वहीचेच काम करतात, त्यांचा स्वभावधर्म बाजूला राहतो. प्रयोगाने शक्यता दाखवली, घटना नव्हे. मागावरही जर तीच वीण निघत असेल, तर केवळ विणीच्या आधारे दोहोंत निवड करता येत नाही. मग सोबतचा पुरावा पाहावा लागतो, म्हणजे साधने सापडतात काय, चित्रांत दिसतात काय, त्याच काळातील इतर वस्त्रांत पीळ आढळतो काय. या कसोट्यांवर पत्त्यांची बाजू दुबळी पडते, आणि आज वस्त्र-इतिहासकारांचा कल हा पट्टा मागावर विणलेला मानण्याकडे आहे.

या वादात व्हान जेनेप यांच्यासारख्या विचक्षण अभ्यासकाची चूक निरीक्षणाची नव्हती. त्यांनी एका गृहीतावर फार भार टाकला. कोणतीही वीण एकाच साधनाने होते, हे ते गृहीत होय. विणीचे स्वरूप आणि विणण्याची पद्धत या दोन स्वतंत्र बाबी आहेत. त्यांतील संबंध कधी घट्ट असतो, कधी सैल. पिळाची दिशा अंतराअंतराने उलटलेली असेल तर पत्त्यांचा अंदाज भक्कम होतो, आणि पीळच नसेल तर तो जवळजवळ निराधार होतो.

प्रतिकृतीची शिस्त

या अनुभवातून प्रतिकृतीकडे पाहण्याची दृष्टी अधिक काटेकोर होत गेली. पीटर कॉलिंगवुड या इंग्रज विणकराचा पत्त्यांवरील विणकामाचा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठीय चौकटीबाहेरच्या कारागिराने लिहिलेला हा ग्रंथ या विषयावरील सर्वांत व्यापक संदर्भ ठरला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. डेन्मार्कमध्ये लिसे रेडर क्नूडसेन यांनी इटलीतील व्हेरूकियो येथील लोहयुगीन वस्त्रांच्या काठांचे वाचन केले, तेव्हा संवर्धक म्हणून असलेले त्यांचे ज्ञान आणि विणण्याचा सराव या दोहोंचा उपयोग झाला. २००५ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात सुरू झालेल्या वस्त्र-संशोधन केंद्राने प्रयोगासाठी काही नियम घालून घेतले. त्यांत काम कुशल कारागिरांनीच करावे, एकाहून अधिक व्यक्तींनी करावे आणि नोंदीपूर्वी सरावाला वेळ द्यावा, यांचा समावेश होता. नवशिक्या संशोधकाला एखादी पट्टी विणण्यास किती दिवस लागले, यावरून प्राचीन विणकराचा वेग ठरवणे हास्यास्पद होय, आणि असे निष्कर्ष पूर्वी काढले गेले नाहीत असे नाही.

विणीवरून साधन ओळखण्यातील धोका भारतीय उदाहरणातून अधिक स्पष्ट होतो. पश्चिम राजस्थान, कच्छ व सिंध या भागांत उंटाचे तंग शेळीच्या केसांच्या वा सुताच्या दोऱ्यांपासून करतात. आधी पक्क्या पिळाच्या, बहुधा दोन रंगांच्या अनेकपदरी दोऱ्या वळून घेतात. नंतर एका दोरीचे पदर टोकदार साधनाने विलग करून त्यांतून दुसरी दोरी ओवतात. माग नाही, वही नाही, पत्तेही नाहीत. हे काम उंटपाळ पुरुष करीत आले आहेत. तयार तंग मात्र दुरून पाहणाऱ्याला पत्त्यांवर विणलेल्या पट्टीचा भाऊबंद वाटावा असा असतो, कारण दोहोंत पिळाच्या दोऱ्या आणि त्यांच्या पदरांतून गेलेला दुसरा धागा आहे. कॉलिंगवुड यांनी या तंत्रावर १९९८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. समजा, असा एखादा तंग कबरीतील मातीतून तुकड्या-तुकड्यांनी हाती आला असता आणि वळणारे हात समोर नसते, तर त्याच्या शेजारी पत्त्यांची कल्पना करणारा अभ्यासक मिळण्यास वेळ लागला नसता. दोऱ्या तिरक्या जातात की सरळ, त्या आधी वळलेल्या आहेत की विणताना वळल्या गेल्या, एवढ्या बारकाव्यावर तेथे निर्णय अवलंबून राहिला असता.

नावे कोणाची

पत्त्यांवर अक्षरेही विणता येतात आणि तेथे वस्त्र थेट अभिलेख बनते. जर्मनीत औग्सबुर्ग येथे जतन केलेल्या नवव्या शतकातील एका पट्ट्यावरील विणलेला लेख, तो राणी हेम्माने बिशप विटगर याला दिल्याचे सांगतो. इंग्लंडमध्ये दरहॅम येथे संत कथबर्टची शवपेटी १८२७ मध्ये उघडली गेली, तेव्हा दहाव्या शतकाच्या आरंभीची भरतकाम केलेली धर्मवस्त्रे मिळाली. राणी एल्फ्लेडने ती बिशप फ्रिथेस्टनसाठी करवून घेतल्याचे त्यांवरच लिहिले आहे. त्या वस्त्रांना जोडलेल्या पत्त्यांवरील पट्ट्यांचा अभ्यास पुन्हा ग्रेस क्रोफूट यांनीच केला, आणि तो १९५६ च्या ग्रंथात समाविष्ट आहे. दोन्ही ठिकाणी नावे देणारीची व घेणाऱ्याची आहेत. विणणाऱ्या हातांचे नाव नाही. आपल्याकडील दानलेखांतही दात्याच्या मानाने कारागिराचे नाव विरळाच येते, त्यामुळे यात अनपेक्षित असे काही नाही. एड्डा काव्यसंग्रहातील गुद्रूनवरील एका काव्यात पत्त्यांवर विणणाऱ्या हूण कुमारींचा उल्लेख आहे. ओसेबर्ग येथे ही साधने स्त्रियांच्या कबरीत आहेत. यावरून उत्तर युरोपात हे काम स्त्रियांचे होते असे म्हणता येते, परंतु ते सर्वत्र तसेच होते असे मात्र नव्हे.

म्यानमारमध्ये ताडपत्रावरील बौद्ध पोथ्या गुंडाळण्यासाठी पत्त्यांवर विणलेल्या, कित्येक मीटर लांबीच्या सुती फिती वापरात होत्या. त्यांना ‘साझिग्यो’ म्हणतात. म्यूनिकचे लुसियान शेर्मान यांनी १९१३ मध्ये म्यानमार व हिमालयीन प्रदेशांतील अशा विणकामावर लिहिले. राल्फ आयझॅक्स यांचा या फितींवरील ग्रंथ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फितीवर बर्मी लिपीतील मजकूर, विहार, पशुपक्षी आणि पूजेची उपकरणे विणलेली असतात. मजकुरात पोथी दान करणाऱ्यांची नावे आणि त्यांनी जोडलेल्या पुण्याचा उल्लेख येतो. एकेका अक्षरासाठी पत्ते निवडून निवडून पुढे-मागे फिरवावे लागतात, आणि बर्मी लिपीतील गोल वळणे चौकडीच्या विणीत उतरवताना त्यांना कोन येतात. पोथीपासून सुटलेल्या अशा कित्येक फिती आज निरनिराळ्या संग्रहांत स्वतंत्रपणे ठेवलेल्या आहेत. ज्या दानाची नोंद त्यांवर आहे ती पोथी सोबत नसल्याने, कोणती फीत कोणत्या ग्रंथाभोवती होती हे बहुतेक ठिकाणी आता जुळवता येत नाही.